विश्लेषण : जुन्या छोट्या मोटारीचे मायलेज खरेच वाढवता येते का?

देशभरातील पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, म्हणजेच ‘ई-२०’, सर्रास मिळते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची मारुती ८००, अल्टो, सँट्रो किंवा वॅगन-आर चालवणाऱ्या अनेकांची तक्रार एकच आहे : गाडी पूर्वीइतके ‘ॲव्हरेज’ देत नाही. त्यामुळे सीएनजी किट, मायलेज वाढवणारी उपकरणे, टाकीत ओतायच्या बाटल्या आणि गॅरेजमधले ‘सेटिंग’ यांना पुन्हा मागणी आली आहे. यातले उपयोगी काय, बेकायदा काय आणि कशाचे पैसे वसूल होतात, याचा हा आढावा.

ई-२०मुळे मायलेज किती घटते?

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल मिसळले की लिटरमागची ऊर्जा साधारण सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ मधील इथेनॉल आराखड्यातही, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१०साठी जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज ई-२०वर सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज होता. ई-१०साठी बनलेल्या आणि ई-२०साठी जुळवून घेतलेल्या गाड्यांत ही घट एक ते दोन टक्के धरली होती. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या खुलाशात इतर गाड्यांसाठी तीन ते सहा टक्के घट मान्य केली.

रुपयांत पाहिले तर चित्र स्पष्ट होते. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी वर्षाला ६,००० किलोमीटर चालत असेल, तर तिला ४०० लिटर पेट्रोल लागते. मायलेज सहा टक्क्यांनी घटून १४.१ झाले, तर साधारण २५ लिटर जास्त लागते. पेट्रोलचा दर १०४ रुपये धरला, तर वर्षाचा वाढीव खर्च २,६०० रुपयांच्या आसपास येतो. ज्याची गाडी एकदम २०-२५ टक्क्यांनी कमी धावू लागली आहे, त्याने मात्र फक्त पेट्रोलला दोष देऊन थांबू नये. तिथे गाडीतच काही तरी बिघडलेले असण्याची शक्यता मोठी.

गाडी जितकी जुनी, तितका त्रास जास्त का?

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. त्यामुळे ते जाळायला हवा कमी लागते आणि हवा-इंधनाचे प्रमाण बदलावे लागते. इंजेक्शन प्रणालीच्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर धुराड्यातील वायू तपासतो आणि संगणक त्यानुसार इंधन थोडे वाढवतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत ही सोय नाही. जेटच्या भोकातून ठरलेलेच इंधन येते, मिश्रण पातळ होते आणि गाडी सकाळी सुरू होताना कुरकुरते, चढावर अडखळते. अशा गाडीचा कार्ब्युरेटर जाणत्या मेकॅनिककडून साफ करून नव्याने जुळवून घेणे, हाच त्यावरचा उपाय.

शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते आणि टाकीत साचलेला गाळ सुटा करते. कोकणातल्या पावसाळ्यात तीन-चार महिने उभी राहणारी गाडी म्हणूनच जास्त त्रास देते. जुने रबरी पाइप आणि गॅस्केटही यात लवकर खराब होऊ शकतात. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर असे भाग बदलावे लागू शकतात, असे मंत्रालयानेही म्हटले होते. रबरी पाइपातून पेट्रोल झिरपणे हा मायलेजपेक्षा आगीच्या धोक्याचा प्रश्न आहे, हे विसरता कामा नये.

मायलेज वाढवण्यासाठी सर्वात आधी काय करावे?

सुरुवात दुरुस्तीपासून करावी. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मार्गदर्शनानुसार, बिघडलेल्या इंजिनची साधी ट्यूनिंग सरासरी चार टक्के फायदा देते. मात्र ऑक्सिजन सेन्सर पूर्ण बिघडलेला असेल, तर तो बदलल्यावर मायलेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकते. हवेचा फिल्टर बदलल्याने इंजेक्शनच्या गाडीत मायलेज फारसे बदलत नाही, जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र फरक पडतो.

आपल्याकडे एक खास सवय आहे. गाडी तापते म्हणून अनेक गॅरेजांत थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. मग इंजिन पुरेसे गरम होत नाही, इंजिन अजून थंडच आहे असे समजून संगणक जास्त पेट्रोल सोडतो आणि मालक पंपावर पैसे मोजत राहतो. दोष रेडिएटरचा किंवा पंख्याचा असतो, शिक्षा थर्मोस्टॅटला होते. घसरणारा क्लच आणि सुटल्यावरही चाकाला चिकटून राहणारा ब्रेक हीसुद्धा मायलेज खाणारी नेहमीची दुखणी.

टायरमधली हवा हा सर्वात स्वस्त उपाय. चारही टायरमधली हवा एक पीएसआयने कमी असेल, तर मायलेज सुमारे ०.२ टक्क्यांनी घटते. आठ-दहा पीएसआय कमी असतील तर दोन टक्क्यांचा फटका. साडेसहाशे किलोच्या मारुती ८००मध्ये डिकीत कायमचे पडलेले ओझेही जाणवते. टपावरचा कॅरिअर वापर नसताना काढून ठेवावा, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

चालवण्याची पद्धत या सगळ्यापेक्षा मोठा फरक पाडते. त्याच ऊर्जा खात्यानुसार जोरात वेग घेणे आणि जोरात ब्रेक मारणे यामुळे महामार्गावर १५ ते ३० टक्के, तर रहदारीत १० ते ४० टक्के मायलेज वाया जाऊ शकते. यावर एक रुपयाही खर्च करावा लागत नाही.

बाजारात मिळणाऱ्या उपकरणांचे काय?

इंधनाच्या पाइपला लावायची चुंबके, हवेला भोवरा देणारे पंखे, पाण्यापासून वायू बनवणाऱ्या बाटल्या यांच्या जाहिराती जुन्याच आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरहून अधिक उपकरणे व मिश्रणे तपासली. फारच थोड्यांनी किंचित फायदा दिला आणि काहींनी उलट नुकसान केले. पाण्याच्या बाटलीचा हिशेब तर घरीही मांडता येतो. पाण्याचे विघटन करणारी वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटर इंजिन फिरवते आणि इंजिन पेट्रोलवर चालते. मिळणाऱ्या वायूतून तेवढी ऊर्जासुद्धा परत येत नाही.

गाडीचा आकार बदलून चालेल का?

परदेशांत काही हौशी मंडळींनी हे करून दाखवले आहे. अमेरिकेत १९९२ च्या एका होंडा सिव्हिकला निमुळती शेपटी आणि झाकलेली चाके बसवून, ताशी ६५ मैल वेगाने गॅलनला ९५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे ४० किलोमीटर मायलेज मिळवले गेले. इंजिनाइतकेच हवेला महत्त्व असते, हे त्यातून दिसते.

भारतात मात्र मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल वाहनात करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठाम केली. मान्यताप्राप्त किट बसवून इंधनाचा प्रकार बदलण्याची मुभा आहे, पण तशी नोंद आरसी बुकात व्हायला हवी.

सीएनजी किट परवडते का?

हा बदल खरोखर पैसे वाचवतो, पण सगळ्यांचे नाही. समजा किटला ५०,००० रुपये लागले, सीएनजीचा दर किलोला ९० रुपये आहे आणि गाडी किलोला २० किलोमीटर देते. मग किलोमीटरमागे खर्च साडेचार रुपये. पेट्रोलवर १५ च्या मायलेजने तो ६.९३ रुपये. बचत २.४३ रुपये, म्हणजे किटचे पैसे निघायला साधारण २०,६०० किलोमीटर धावायला हवे. वर्षाला १५,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे पैसे दीड वर्षाच्या आत वसूल होतात. रविवारी गाडी काढणाऱ्या आणि वर्षाला ६,००० किलोमीटर फिरणाऱ्याला साडेतीन वर्षे लागतात.

तोवर गाडी टिकेल का, हा प्रश्न त्यानंतरचा. डिकी सिलिंडरने भरते, मागच्या सस्पेन्शनवर भार येतो, ताकद कमी होते. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते. आरसीवर नोंद नसेल किंवा विमा कंपनीला कळवले नसेल, तर अपघातानंतर दाव्यावरून वाद होतो. त्यामुळे स्वस्तात मिळणारे बिनमान्यतेचे किट शेवटी महागात पडते.

फरक पडला की नाही, हे कसे ओळखावे?

टाकी पहिल्या कटऑफपर्यंत भरावी, किलोमीटर लिहावे, तीन-चारशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर तशीच पुन्हा भरावी आणि भागाकार करावा. असे निदान तीन वेळा करावे. एका वेळच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, कारण एसी, पाऊस, रहदारी यांनीच पाच-दहा टक्के फरक पडतो. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील, तर ओडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी किलोमीटर दाखवतो आणि हिशेबच चुकतो.

आणखी एक गोष्ट : ६,००० किलोमीटरसाठी मायलेज १० वरून १२ झाले तर १०० लिटर वाचतात; १८ वरून २० झाले तर फक्त ३३. वाढ दोन्हीकडे दोनचीच. म्हणून बरी चालणाऱ्या गाडीवर खर्च करण्यापेक्षा बिघडलेली गाडी नीट करणे नेहमी फायद्याचे.

जुनी गाडी ठेवावी की काढावी?

वरच्या उदाहरणातील गाडीचे मायलेज दुरुस्ती आणि सवयींनी १० टक्के वाढले, तर वर्षाला ३,८०० रुपयांच्या आसपास वाचतात. नव्या गाडीच्या एका महिन्याच्या हप्त्यापेक्षाही ही रक्कम सहसा कमी असते. त्यामुळे केवळ पेट्रोल वाचवायचे म्हणून नवी गाडी घेणे कमी फिरणाऱ्याला परवडत नाही. दुसरीकडे जुनी गाडी रस्त्यावर ठेवणे सरकार महाग करत आहे. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये केले. हरित कर वेगळाच.

ई-२०सोबत इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय मिळावा, ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. इथेनॉलमुळे खनिज तेलाची आयात घटते, ऊस आणि मका पिकवणाऱ्यांना बाजार मिळतो, ही सरकारची बाजू. तिचा लाभ देशाला होत असला, तरी मायलेजमधल्या घटीचा भार ज्याची गाडी जुनी त्याच्यावर जास्त पडतो आणि नवी गाडी घेण्याची ऐपतही बहुधा त्याचीच कमी असते. इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे नेण्याची चर्चा होईल, तेव्हा या वर्गाला पंपावर पर्याय, दरात सवलत किंवा सुटे भाग बदलण्यासाठी मदत यांपैकी काय मिळणार, याचे उत्तर धोरणकर्त्यांना द्यावे लागेल.