फाइल उघडत नाही, दोष कुणाचा?



अलीकडे मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावे लागलेले वाक्य म्हणजे "मावशी, तुझ्याच फोनमध्ये काहीतरी प्रॉब्लेम आहे." भाचा म्हणतो, नातू म्हणतो (तो अर्थातच "आजी" म्हणतो), सेवा केंद्रातला पोरगाही म्हणतो. पीडीएफ उघडली नाही, उघडली पण चौकोन दिसले, नाहीतर पासवर्ड मागून अडून बसली, की आरोपी ठरलेला. सत्तरी ओलांडलेली बाई आणि तिचा फोन!

माझे म्हणणे नेमके उलटे आहे. दहातल्या बहुतेक वेळा दोष वाचणाऱ्याचा नसतो, फाइल तयार करणाऱ्याचा असतो. आपण म्हातारी माणसे उगीच शरमून गप्प बसतो, म्हणून त्यांचे फावते.

आधी ही पीडीएफ आली कुठून ते सांगते. जुनी खोड आहे, धड्याची प्रस्तावना केल्याशिवाय पुढे जाता येत नाही :-) अमेरिकेतल्या अडोबी कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ साली 'कॅमलॉट' नावाच्या प्रकल्पाची कल्पना मांडली. कागद कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही छपाईयंत्रावर जसाच्या तसा दिसावा, एवढीच मूळ इच्छा. १९९३ मध्ये पीडीएफ बाजारात आली. तेव्हा वाचण्याचे सॉफ्टवेअरसुद्धा विकत घ्यावे लागे, ते फुकट झाले नंतर. २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली, म्हणजे आता ती एका कंपनीची मिरास राहिलेली नाही. ज्याचा जन्मच 'सगळ्यांना सारखे दिसावे' यासाठी झाला, ते आपल्याकडे आले आणि नेमके 'सगळ्यांना दिसू नये' यासाठी वापरले जाऊ लागले.

आता न उघडण्याची कारणे बघू.

पहिले कारण अर्धवट उतरलेली फाइल. पीडीएफमध्ये कोणती गोष्ट कुठे आहे याची यादी बहुधा फाइलच्या शेवटी असते. पुस्तकाची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर छापावी तसे. रेंज गेली, शेवटचा तुकडा आलाच नाही, की वाचक-सॉफ्टवेअर गोंधळते आणि "फाइल खराब आहे" म्हणते. अशा वेळी पुन्हा उतरवून घ्यायची, बस्. कधी कधी संकेतस्थळ बंद असते आणि पीडीएफच्या नावाखाली चुकीचा संदेश असलेले साधे पानच उतरते. फाइलचा आकार बघा. शंभर पानी पुस्तक चार-पाच केबीचे असेल तर ते पुस्तक नव्हेच. यात तुमच्या बोटांचा काय दोष?

दुसरे कारण म्हणजे काही जुने फॉर्म. उघडले की इंग्रजीत "कृपया थांबा" असे येते आणि माणूस थांबतो, थांबतो, चहा होतो, जेवण होते... तो फॉर्म एका निराळ्याच पद्धतीने बनवलेला असतो. ती पद्धत २०१७ च्या पीडीएफ मानकाने मोडीत काढली आहे. फोनमधले पुष्कळ वाचक-ॲप तिला ओळखतच नाहीत. संगणकावर अडोबीच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. पण हे त्या फॉर्मच्या शेजारी दोन ओळी मराठीत लिहून ठेवायला कुणाचे हात दुखले होते?

तिसरे कारण पासवर्ड. आधारची पीडीएफ उघडायला नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्माचे वर्ष लागते. बँकेच्या पत्रकाला आणखी निराळे, विम्याला तिसरेच. कुलूप असावे, नक्की असावे. चोरांचा काळ आहे. पण किल्ली कुठे ठेवली ते घरमालकाला त्याच्या भाषेत सांगायला नको? बारीक इंग्रजीत, ईमेलच्या तळाशी सांगितले म्हणजे सांगितले असे होत नाही. परिणाम काय होतो? माणूस तो फोन आणि ते पासवर्ड दोन्ही सेवा केंद्रातल्या अनोळखी मुलाच्या हातात देतो. सुरक्षेसाठी लावलेले कुलूप हे असे भर चौकात उघडले जाते.

चौथे कारण सही. पडद्यावर सहीच्या जागी प्रश्नचिन्ह येते आणि "वैधता अज्ञात" अशा अर्थाचे इंग्रजी शब्द. याचा अर्थ सही खोटी असा नाही. भारतात सहीचे प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेची आपल्या सॉफ्टवेअरला ओळख करून दिलेली नसते, एवढाच अर्थ. संगणकावर त्या सहीवर उजवी टिचकी मारून ओळख पटवून दिली की तिथे बरोबरची खूण येते. फोनमधले बरेचसे वाचक ही तपासणी करतच नाहीत. माझी एक मैत्रीण प्रश्नचिन्हासकट प्रिंट घेऊन एका कार्यालयात गेली (नाव सांगत नाही), तर "यावर गोल शिक्का आणा" म्हणून परत पाठवली. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याने डिजिटल सहीला हाताच्या सहीची मान्यता दिली. डिजिटल सहीचा सातबारा आपल्या राज्यात १ मे २०१८ ला सुरू झाला. इतक्या वर्षांनंतरही टेबलापलीकडच्या माणसाला हे कुणी शिकवले नसेल, तर टेबलाअलीकडच्याने का शरमावे?

इथपर्यंतचे दुखणे उपायाने बरे होणारे आहे. आता खऱ्या रागाकडे येते. फाइल उघडते, छान उघडते, आणि तरीही ती बंदच असते!

जुना एखादा मराठी शासन निर्णय उघडा. डोळ्यांना मराठी दिसते. त्यातले एक वाक्य उचलून दुसरीकडे चिकटवा, रोमन अक्षरांचा भुसा बाहेर पडतो. कारण जुन्या फॉन्टांमध्ये संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात, फक्त अंगावर देवनागरीचा झगा. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण युनिकोडमध्ये टाइप करून बनवलेल्या पीडीएफमध्येही गंमत होते. 'शिक्षक' मधली पहिली वेलांटी आपण काढतो शच्या आधी, उच्चारतो शच्या नंतर. नीट न बनवलेल्या पीडीएफमध्ये फक्त आकारांचा क्रम उरतो. मग वेलांटी एकीकडे, श दुसरीकडे, जोडाक्षरे फुटलेली. 'शिक्षक' शोधा म्हटले की उत्तर येते, सापडला नाही. शोधणार कसा बापडा? ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही आणि फोन वाचून दाखवतो, त्यांच्या कानांवर काय पडत असेल, विचार करा.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे फोटो. संगणकावर टाइप केलेले पत्र आधी छापायचे, सही करायची, वाकडे स्कॅन करायचे आणि पीडीएफ म्हणून टाकायचे. तो मजकूर राहिला नाही, मजकुराचे चित्र झाले. शोधता येत नाही, उचलता येत नाही, अक्षर मोठे केले की पान पडद्याबाहेर पळते.

आम्हा मराठवाड्याच्या लोकांना हे जास्त झोंबते, त्याला इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. कारभार उर्दूत. शेतकऱ्याच्या घरात त्याच्याच जमिनीचा कागद असे आणि तो वाचायला दुसऱ्याच्या ओसरीवर जावे लागे. त्या काळच्या नोंदी धुंडाळायला सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. कुणबी नोंदींची जुनी उर्दू आणि मोडीतली पाने स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. आरक्षणावर मला इथे काही बोलायचे नाही. कागद बाहेर आले हे फार चांगले झाले. जुन्या कागदाचे चित्रच देता येते, हेही मान्य. पण नांदेडच्या नाहीतर लातूरच्या कुठल्याशा खेड्यातला माणूस पणजोबाचे नाव शोधायला ती फाइल उघडतो आणि पानामागून पान नुसते सरकवतो. सोबत नाव, गाव, साल आणि पान क्रमांकाची साधी मराठी यादी, शोधता येईल अशी जोडली, तर तोच कागद त्याचा होईल. नाहीतर ओसरी बदलली, जाणे चालूच.

मी आयुष्यभर लेकरांना वाचायला शिकवले. साक्षरता मोहिमेच्या दिवसांत आयाबायांना अंगठ्याऐवजी सही करायला शिकवले. सही करणारी ती बाई आज फोन पुढे करून म्हणते, "बाई, हे काय लिहिलंय बघा की." तिला वाचता येते हो! वाचता येणार नाही असे ते बनवून पाठवले आहे. साक्षराला पुन्हा निरक्षर करण्याचा हा उद्योग आहे, आणि तो कुणाच्या दुष्टपणातून नव्हे, निव्वळ आळसातून चालला आहे.

कुणी म्हणेल, पीडीएफ नको तर काय? पीडीएफ नको असे मी म्हणतच नाही. मांडणी हलत नाही, जोडाक्षर मोडत नाही, कुणी सहज फेरफार करत नाही, हे तिचे गुण मला मान्य आहेत. तिच्या जोडीला मजकूर द्या, एवढेच मागणे. मराठी विश्वकोश बघा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली उभा राहिलेला तो डोंगर आज युनिकोडमध्ये आहे, शब्द टाकला की नोंद समोर. विश्वकोशाला जमते ते दोन पानी परिपत्रकाला का जमू नये?

आणि हे उपकार म्हणून मागायचे नाही. माहितीचा अधिकार कायदा २००५, कलम ४ वाचा. माहिती लोकांना सहज मिळेल अशा स्वरूपात, स्थानिक भाषेचा विचार करून द्यावी, असे त्यात आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा वेगळाच. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. अभिजात भाषेतला 'विद्यार्थी' हा शब्द सरकारी फाइलमध्ये शोधून सापडत नसेल, तर ते पेढे पचतील कसे?

तेव्हा मंडळी, यापुढे फाइल उघडली नाही तर आधी पुन्हा उतरवा, आकार बघा, दुसऱ्या वाचकात उघडून बघा. तरीही जमले नाही तर "मला जमत नाही" म्हणू नका. पाठवणाऱ्याला उलट लिहा, "तुमची फाइल वाचता येत नाही, युनिकोड मजकूर पाठवा." दोन ओळी, खाली नाव. मी आतापर्यंत तीन ठिकाणी लिहिले. एका ठिकाणाहून खरोखर नवी फाइल आली, दोघे गप्प आहेत. त्यांना पुन्हा लिहिणार आहे.

आणि घरातल्या तरुण मंडळींना एक सांगणे. आई-मावशीचा फोन हातात घेऊन दोन सेकंदांत फाइल उघडून देऊ नका. का उघडली नाही ते सांगा. वेळ लागेल, लागू द्या. तुम्हाला पाढे शिकवायलाही लागला होता.

असो. कुणाला असे अनुभव आले असतील तर जरूर कळवा. फक्त पीडीएफ करून पाठवू नका :-)