कार्ड नको, नोंदवही हवी

पंतप्रधान स्टार्मर यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये डिजिटल ओळखपत्राची घोषणा केली आणि विरोधाच्या याचिकेवर २८ लाखांहून जास्त सह्या झाल्या. आमच्या मँचेस्टरने हे आधीच पाहिलंय. ३० नोव्हेंबर २००९ पासून इथे ३० पौंडांत ऐच्छिक कार्ड मिळू लागलं. सरकार बदललं, डिसेंबर २०१० मध्ये योजना कायद्यानेच रद्द झाली, पैसेही परत नाहीत. (त्याच वर्षी सप्टेंबरात नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं!)

पण रद्द झालं ते नागरिकांचं कार्ड. आम्हा परदेशी लोकांचं, बोटांच्या ठशांसकट, चालूच राहिलं. आता त्याचा ई-व्हिसा झालाय. नोकरी बदला किंवा घर भाड्याने घ्या, शेअर कोड द्यायचा. त्यावर एवढा गदारोळ काही झाला नाही.

सरकार एस्टोनियाचा दाखला देतं. तिथे २००२ पासून कार्ड आहे. २०१७ मध्ये चिपमध्ये दोष निघाला, साडेसात लाखांवर कार्डांची प्रमाणपत्रं थांबवावी लागली. म्हणजे तंत्रज्ञान तिथेही चुकतं. मात्र आपली माहिती कोणत्या खात्याने, कधी उघडली हे तिथल्या नागरिकाला घरबसल्या दिसतं. माझा ई-व्हिसा मला हे दाखवत नाही. भांडायचंच तर ह्या नोंदीसाठी भांडावं, आणि ती आम्हालाही मिळावी.