ताप मोजला, पायांचं काय?



“ताप उतरला ना? मग आता कसलं दुखणं?” चिकुनगुन्या होऊन गेलेल्या बाईला हे घरात ऐकावं लागतं, दवाखान्यात ऐकावं लागतं, मुकादमाकडूनही.

२००६ च्या साथीत देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. त्यांतले अडीच लाखांवर महाराष्ट्रातले. ही मोजदाद तापाची. ताप आठवड्याभरात जातो. घोटे, टाचा, पायांची बोटं मात्र कित्येकांची महिनोन्‌महिने दुखतात. सकाळी पाऊल टेकवत नाही. हे रेंगाळणारं दुखणं स्त्रियांत आणि चाळिशी ओलांडलेल्यांत जास्त आढळतं, असं अनेक अभ्यास सांगतात. त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात आहे?

मी काम करते त्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या बाया पावसाळा सरला की ऊसतोडीला जातात. डासांच्या साथीचे दिवसही तेच. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली. एक दिवस बसलं की खाडा, म्हणजे पैसे कापले. सुजल्या घोट्यांनी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. या विषाणूवर नेमकं औषध नाही. वेदनाशामक आणि विश्रांती एवढाच आधार. आणि इथे विश्रांतीलाच दंड!

वर दोषही तिलाच. एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणून ‘कोरडा दिवस पाळा’ असं सांगतात. सल्ला खरा आहे. पण टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत भरलेला रांजण कोण ओतून देईल? पाणी आणणारी बाई, साठवणारी बाई आणि निष्काळजी ठरणारीही बाईच.

कुणी म्हणेल, हा तर डासाचा आजार, यात स्त्रीप्रश्न कुठला? डास बाई-पुरुष बघत नाही. कामाची वाटणी मात्र बघते. पुरुष आजारी पडला तर त्याची खाट पडते. बाई आजारी पडली तरी चूल पेटतेच.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. तापानंतरच्या सांधेदुखीची प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंद आणि पाठपुरावा व्हावा. आजारपणाचा खाडा कापणं बंद व्हावं. नियमित नळाचं पाणी मिळावं आणि तोवर साठवणीला झाकणाची भांडी.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीला विचारा, पाय कधीपासून दुखतात? उत्तरं लिहून काढा आणि ती यादी घेऊन आरोग्य केंद्रावर एकत्र जा. सरकार मोजत नसेल, तर मोजणी आपण सुरू करू.