१४२ मॅच, दोन गोल

अप्रेझलचा सीझन आला की आमच्या ऑफिसात एक विचित्र शांतता पसरते. सगळे स्क्रीनकडे बघत असतात आणि टाइप कुणीच करत नसतं. फॉर्मवरचा प्रश्न तसा साधा. 'या वर्षातली तुमची ठळक कामगिरी लिहा.' सेल्सवाल्यांचं बरं असतं. टार्गेट, आकडा, टक्के, संपलं! पण पेरोल सांभाळणारी माझी मैत्रीण परवा कँटीनमध्ये चहा थंड होईपर्यंत वैतागून बसली होती. म्हणाली, "मी काय लिहू रे? तीनशे लोकांचा पगार दर महिन्याच्या एक तारखेला झाला, हे? ते कुणाला दिसतच नाही. एकदा तारीख चुकू दे, मग बघ, सगळ्या मजल्याला माझं नाव पाठ होईल!"

तिला मी लिलियन थुरामची गोष्ट सांगितली. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तरीही.

थुराम फ्रान्सचा डिफेंडर. म्हणजे फुटबॉलमधला पेरोलवालाच म्हणा ना! गोल करणाऱ्याची पोस्टर्स लागतात. गोल होऊ न देणाऱ्याचं काय लावणार? न झालेल्या गोलाचा रिप्ले कुणी दाखवत नाही. १७ ऑगस्ट १९९४ ला बोर्दोमध्ये चेक रिपब्लिकविरुद्ध थुराम फ्रान्सकडून पहिल्यांदा खेळला. त्याच मॅचमध्ये आणखी एका पोराचं पदार्पण झालं. तो बदली खेळाडू म्हणून आला, दोन गोल ठोकून गेला आणि दोन गोलांनी मागे असलेल्या फ्रान्सने बरोबरी साधली. त्याचं नाव झिनेदिन झिदान. आता सांगा, त्या रात्री लोक कुणाबद्दल बोलले असतील?

पुढची चार वर्षं थुराम गुपचूप आपलं काम करत राहिला. इटलीत पार्माच्या टीममध्ये बुफाँ गोलात, पुढे कानाव्हारो आणि थुराम. ही भिंत फोडायला भले भले थकायचे. त्याला मधल्या जागी खेळायला आवडायचं. पण फ्रान्सच्या टीममध्ये तिथे लॉराँ ब्लाँ आणि मार्सेल देसायी होते. (कॉमेंट्रीत हे नाव ऐकलं की हा आपल्या कोकणातला देसाईच, असं मला उगाच वाटायचं.) मग थुरामच्या वाट्याला आली उजवी बाजू. आवडीचं डेस्क मिळालं नाही म्हणून राजीनामा देतो का कुणी? दिलेल्या जागी उभा राहिला.

आणि मग आली ८ जुलै १९९८ ची रात्र. पॅरिसजवळचं स्टाद द फ्रान्स, वर्ल्ड कपची सेमीफायनल, समोर क्रोएशिया. आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. आम्ही आवाज बारीक करून टीव्हीसमोर, आतल्या खोलीत बाबा झोपलेले. हाफटाइमला शून्य-शून्य.

इथे एक गोष्ट समजून घ्या. डिफेंडर्सची एक लाइन असते. सगळे एकदम पुढे सरकले की त्यांच्या मागे राहिलेला प्रतिस्पर्धी ऑफसाइड ठरतो. पण एक जण जरी रेंगाळला, तरी अख्खी लाइन फुकट. दुसरा हाफ सुरू होऊन मिनिट झालं असेल-नसेल, सगळे पुढे सरकले आणि थुराम मागे राहिला. तेवढंच पुरलं. दावोर सुकरला मोकळी वाट मिळाली. गोल! स्टेडियममध्ये सन्नाटा.

त्या वर्ल्ड कपमध्ये फ्रान्सने सात मॅचमध्ये फक्त दोन गोल खाल्ले. त्यातला एक डेन्मार्कचा, तोही पेनल्टीवर. म्हणजे चालू खेळात फ्रान्सवर पूर्ण स्पर्धेत एकच गोल झाला, आणि तो या माणसाच्या एका पावलामुळे. वर्षभर बिनचूक पगार आणि अप्रेझलच्या आदल्या दिवशी सगळं सर्व्हर ठप्प!

अशा वेळी आपण काय करतो? मी तरी आधी मेल लिहितो. कुणाला सीसी करायचं, 'माझ्या बाजूने' हा शब्द कुठे टाकायचा, याचा विचार करतो. थुरामकडे तेवढा वेळ नव्हता. पुढच्याच मिनिटाला क्रोएशियाचा कॅप्टन बोबान आपल्याच बॉक्सजवळ बॉल घेऊन जरा घुटमळला. उजव्या बाजूचा हा डिफेंडर तिथे पोहोचलाच कसा, देव जाणे! त्याने बॉल काढून घेतला, जोर्काएफला दिला, परत घेतला आणि मारला. १-१. सत्तराव्या मिनिटाला पुन्हा तोच. या वेळी बॉक्सच्या टोकावरून, डाव्या पायाने. २-१. गुडघ्यावर बसून, ओठांवर बोट ठेवून तो असा काही बघत होता, की हे नेमकं कुणी केलं, हा प्रश्न त्यालाच पडलाय!

चार दिवसांनी फ्रान्सने ब्राझीलला ३-० हरवून कप उचलला. फायनलचे दोन गोल झिदानचे, त्यामुळे भिंतींवर चेहरा झिदानचा. पण स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये रोनाल्डो आणि सुकरनंतर तिसरा नंबर थुरामचा लागला.

खरी गंमत पुढे आहे. दोन वर्षांनी युरो कपही जिंकला. २००४ मध्ये देशाच्या टीममधून निवृत्त झाला, २००५ मध्ये परत आला, २००६ ची वर्ल्ड कप फायनल खेळला आणि पेनल्टी शूटआउटवर हरला. २००८ पर्यंत एकूण १४२ मॅच. फ्रान्सच्या पुरुषांच्या टीममध्ये हा विक्रम थेट २०२२ मध्ये गोलकीपर ह्यूगो लोरिसने मोडला. आणि या १४२ मॅचमध्ये गोल किती? दोन. तेच दोन. त्या एका रात्रीचे. मधल्या १४१ मॅचमध्ये त्याने काय केलं, हे विचाराल तर उत्तर तेच... पगार एक तारखेला झाला!

त्याची बोलण्याची ताकद मात्र कधीच गुपचूप नव्हती. जन्म कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलुपचा. आईने साफसफाईची कामं करून पाच मुलं एकटीने वाढवली. नऊ वर्षांचा असताना तो पॅरिसच्या बाजूला राहायला आला आणि आपला रंग 'काळा' आहे, हे त्याला पहिल्यांदा वर्गातल्या मुलांनी सांगितलं. टीव्हीवरच्या कार्टूनमधल्या काळ्या गायीच्या नावाने ती त्याला चिडवायची. ते तो विसरला नाही. २००६ मध्ये पॅरिसजवळच्या काशाँमधून बेघर केलेल्या कुटुंबांना त्याने आणि पॅट्रिक व्हिएराने फ्रान्स-इटली मॅच बघायला बोलावलं. सत्ताधारी नाराज झाले. झाले तर झाले!

आणि मग २००८. बार्सिलोना सोडून तो पॅरिसच्या क्लबमध्ये जाणार, सगळं ठरलेलं. मेडिकलमध्ये डॉक्टरांना हृदयात दोष सापडला. छत्तिसाव्या वर्षी, घरच्या शहरात खेळून शेवट करायचं स्वप्न एका रिपोर्टने संपलं. त्याने बूट काढले आणि त्याच वर्षी मुलांना वंशभेदाबद्दल शिकवणारी संस्था काढली. तेव्हापासून शाळांमध्ये जातो, पुस्तकं लिहितो. पुन्हा बचावाचंच काम. यातही स्कोअरबोर्ड नाही.

मोठा मुलगा मार्कस फॉरवर्ड झाला, म्हणजे सेल्समध्ये गेला! २०२२ ची वर्ल्ड कप फायनल तो बदली खेळाडू म्हणून खेळला आणि बापासारखाच शूटआउटवर हरला.

एवढं सगळं ऐकून मैत्रीण म्हणाली, "म्हणजे मी आधी पगार चुकवू आणि मग दोन गोल मारू?" मी म्हटलं, नको बाई, माझाही पगार तुझ्याकडेच आहे!

संध्याकाळी तिने फॉर्म भरून पाठवला. ठळक कामगिरीच्या रकान्यात एकच ओळ होती. '३,६०० पगार. उशीर : शून्य.'

बॉसने अजून उत्तर दिलेलं नाही. पण एक तारीख जवळ येतेय.