रिचार्ज पाड्याचा, रेंज तालुक्याची

शहापूर आणि मुरबाडच्या बैठकांत हल्ली भाताच्या भावाइतकाच एक प्रश्न हमखास निघतो. सिम कोणत्या कंपनीचे घ्यावे? किन्हवलीचा कार्यकर्ता एक नाव सांगतो, टोकावड्याचा दुसरे. डोळखांबकडचा म्हणतो, नावे कसली सांगता, वीज गेली की सगळे एकाच माळेचे मणी. वासिंद-आसनगावची मंडळी गप्प असतात, कारण रेल्वे आणि महामार्गाच्या कडेला राहणाऱ्याला हा प्रश्न फारसा पडतच नाही. अर्धा तास जातो, आवाज चढतात आणि निकाल लागत नाही.

निकाल लागत नाही, कारण प्रश्न मुंबईहून उसना आणलेला आहे. तिथे जिओ, एअरटेल, व्होडाफोन-आयडिया आणि सरकारी बीएसएनएल अशी चार दुकाने एकाच गल्लीत मांडलेली आहेत. एकाचा माल पटला नाही तर माणूस १९०० वर संदेश पाठवतो, नंबर तोच ठेवतो आणि दुसऱ्याकडे जातो. देशभर ही सोय २०११ च्या जानेवारीपासून आहे. आपल्याकडे डोंगराच्या एका अंगाला एकाचे दुकान, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याचे, आणि मधल्या दोन-तीन पाड्यांना कोणाचेच नाही. अशा ठिकाणी कंपन्यांची तुलना करायची म्हणजे एसटी चांगली की रेल्वे चांगली याचा वाद रस्ता नसलेल्या गावात घालायचा.

या अंकाच्या निमित्ताने आम्ही तीन कंपन्यांचे तीन फोन पिशवीत टाकून पावसाळ्यात दोन दिवस फिरलो. एक दिवस शहापूरहून डोळखांबच्या अंगाला, दुसरा मुरबाडहून माळशेजच्या पायथ्याकडे. दोन दिवसांच्या फिरण्याला कोणी पाहणी म्हणू नये, आणि कंपन्यांची नावेही आम्ही लिहीत नाही. एका पाड्यावर पहिला आलेला फोन पुढच्या पाड्यावर शेवटचा ठरत होता. पण एक गोष्ट दोन्ही दिवशी सारखीच दिसली. फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्यांवर विश्वास ठेवू नये. चार दांड्या दिसत असताना बोलणे दोनदा तुटले. एका दांडीवर पाच मिनिटे नीट बोलता आले. एका घरात ओटीपी मागवला, तो आला तेव्हा त्याची मुदत संपलेली होती. घरातली आजी म्हणाली, "आमच्याकडे असंच. तो येतो, पण वेळ टळल्यावर."

दांड्या एवढेच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्या फोनपर्यंत पोहोचतो. तुमच्या फोनचा आवाज टॉवरपर्यंत जातो का, टॉवरवर गर्दी किती, टॉवरच्या मागची वायर शाबूत आहे का, हे त्या सांगत नाहीत. टॉवरची लहर पाण्यासारखी वळसे घेत वाहत नाही, बरीचशी उन्हासारखी पडते, आणि डोंगर आला की मागे सावली पडते. ७००, ८०० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतीतून आणि झाडीतून बऱ्यापैकी पार होते. जाहिरातीत ज्या ५जीचे कौतुक चालते, तिचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झचा; वेगाने भारी, पल्ल्याने तोकडा. तेव्हा वेगाच्या जाहिराती बघून सह्याद्रीच्या पायथ्याला सिम घेणाऱ्याने घोड्याची शर्यत बघून बैल विकत घेतल्यासारखे होते. बटणांचा साधा फोन वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. तसले बहुतेक फोन २जीवर चालतात, आणि जिओचे २जी जाळे मुळातच नाही. तिच्या सिमला ४जीचा फोन लागतो.

मग वीज. टॉवर विजेवर चालतो, वीज गेली की बॅटरीवर, बॅटरी संपली की डिझेल असेल तर डिझेलवर. पावसाळ्यात तारेवर झाड पडून आपल्याकडे वीज दोन-दोन दिवस जाते, हे महावितरणच्या कोणत्याही वायरमनला ठाऊक आहे. बॅटरी किती तास टिकते हे मात्र जाहिरातीत कधी छापून येत नाही. आमच्या मते डोंगराळ तालुक्यात सिम निवडताना पहिला विचारायचा प्रश्न हाच. वीज गेल्यावर कोणाचा टॉवर किती तास बोलतो?

आता कोणी म्हणेल, फोनचे एवढे काय. शेतकऱ्याने शेती करावी. भेंडीचा तोडा झाल्यावर कल्याणला न्यायची की वाशीला, हे पहाटे एका फोनवर ठरते आणि तो फोन लागला नाही तर दारात आलेला व्यापारी सांगेल तो भाव घ्यावा लागतो, एवढेच प्रकरण असते तर आम्ही संपादकीय खर्ची घातले नसते. सरकारने शेतकऱ्याकडे यायचे सगळे रस्ते फोनमधून काढले आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने ई-पीक पाहणीच्या ॲपवर करायची. सातबाऱ्यावर पीक चढले नाही तर आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर भात घालताना अडचण. पीएम-किसानसाठी ई-केवायसी. २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक. त्याच वर्षी सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी निघाली, त्यात बाईचा स्वतःचा ओटीपी आणि वर नवऱ्याचा किंवा वडिलांचा. नवरा वीटभट्टीवर भिवंडीकडे, बाई टेकडीवर, आणि दोघांना एकाच वेळी रेंज हवी. हा नियम लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी टेकडी चढलेली नसावी.

खरीप पीक पाहणीची मुदत भर पावसातली, म्हणजे ज्या दिवसांत वीज आणि रेंज दोन्ही रुसतात नेमके तेच दिवस. साप चावायचेही तेच दिवस. आवणीच्या चिखलात किंवा रात्री अंथरुणात साप चावला की १०८ ची गाडी बोलवायला फोन लागतो, आणि फोन लागावा म्हणून कोणीतरी अंधारात माळावर धावत जातो. इथे एक उपयोगाची गोष्ट सांगून ठेवतो. आपल्या कंपनीची रेंज नसली, पण आसपास दुसऱ्या कोणाचीही असली, तर ११२ हा क्रमांक त्या दुसऱ्याच्या टॉवरवरून लागू शकतो. पाड्यावरच्या प्रत्येक पोराला हे पाठ पाहिजे.

मुरबाड तालुक्यातल्या धसईची गोष्ट वाचकांना आठवत असेल. नोटाबंदीनंतर महिन्याभराच्या आत, १ डिसेंबर २०१६ ला, धसईला रोकडरहित गाव म्हणून गाजावाजाने जाहीर केले गेले. दुकानदारांना कार्डाची यंत्रे मिळाली, कॅमेरे आले, मंत्री आले. धसईच्या व्यापाऱ्यांची हुशारी कमी नव्हती. पण कार्डाच्या यंत्रातही एक सिमच असते, आणि सिमला रेंज लागते. गाव रोकडरहित करण्याआधी खंडरहित करायला हवे होते, हा साधा क्रम कोणाला सुचला नाही.

क्रम असा का चुकतो? कागद बघा. दूरसंचार कंपन्यांच्या परवान्यातली जुनी अट होती की ठरलेल्या मुदतीत इतकी जिल्ह्याची ठिकाणे किंवा त्यांच्या बदल्यात इतर शहरे झाकावीत. आणि शहर झाकले म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीतला ९० टक्के भाग. पुढे लिलावांच्या अटींत तालुक्याची ठिकाणेही आली. म्हणजे शहापूर गावात आणि मुरबाड गावात टॉवर उभा राहिला की कागदावर तालुका झाकला गेला. त्यापलीकडचे डोंगर, धरणांच्या फुगवट्यामागची गावे, जंगलातले पाडे कागदात येतच नाहीत. जंगलात टॉवरला वनखात्याची परवानगी लागते, हे कारण नेहमी पुढे केले जाते. ते खोटे नाही. पण तानसाचे पाणी १८९२ पासून याच जंगलातून मुंबईला जाते आहे. लोखंडी नळ जाऊ शकला, तिथून लहर परत येऊ शकत नाही, हे आम्हाला पटत नाही.

दुसरा घोटाळा सरासरीचा. २०१४ ला पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. २०११ च्या जनगणनेने या सात तालुक्यांत सुमारे ८० लाख माणसे, त्यांतली शहापूर-मुरबाडची मिळून सुमारे ५ लाख, म्हणजे शंभरात सहा. ठाणे, कल्याण, नवी मुंबई, मीरा-भाईंदर यांच्याबरोबर आपले पाडे एका ताटात वाढले की सरासरी नेहमीच उत्तम येणार. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे नियम लागू केले. कुठे कोणती सेवा मिळते याचा नकाशा प्रत्येक कंपनीने संकेतस्थळावर ठेवायचा, ही त्यातली चांगली गोष्ट. हा नकाशा आपण आपल्या पाड्यापुढे धरून तपासू शकतो. सेवा २४ तासांहून जास्त बंद पडली तर ग्राहकाला भरपाई, हेही त्यात आहे. पण बंद पडल्याचा हिशेब जिल्हा हा घटक धरून. एका पाड्याचा टॉवर चार दिवस मेलेला असला तरी ठाणे जिल्हा काही बंद पडत नाही.

आणि हे सारे फुकट नाही. एकाच कंपनीवर भरवसा नाही म्हणून घरात दोन सिम ठेवावी लागतात, एक घरासाठी, एक शेतासाठी. २०२४ च्या जुलैत तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. पॅक २८ दिवसांचा, म्हणून वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज. १९९ रुपयांचा पॅक धरला तर दोन सिमचे वर्षाला ५,१७४ रुपये झाले. केंद्र सरकार पीएम-किसानचे देते ६,०००. भाताचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. म्हणजे दोन क्विंटलांहून जास्त भात नुसता फोन जिवंत ठेवायला जातो. शिवाय कंपन्या आपल्या हिशेबी उत्पन्नाचे पाच टक्के ज्या सरकारी निधीत भरतात, तो निधी नेमका अशाच भागांत सेवा पोहोचवण्यासाठी आहे. आधी त्याचे नाव सार्वत्रिक सेवा दायित्व निधी होते, आता डिजिटल भारत निधी. पाड्यावरचा रिचार्ज त्यातही पडतो.

आम्ही स्पर्धेचे शत्रू नाही. १९९५ ला मोबाइल आला तेव्हा मिनिटाला सोळा रुपये पडत आणि आलेल्या फोनचेही पैसे मोजावे लागत. आलेला फोन फुकट झाला २००३ ला. हे सरकारच्या दयेने झाले नाही, चढाओढीने झाले. पण चढाओढ व्हायला दोन दुकाने तरी लागतात. जिथे डोंगरापलीकडे एकच टॉवर परवडतो, तिथे त्या टॉवरवर सगळ्यांची सिमे चालली पाहिजेत. रस्ता एकच असतो, त्यावरून एसटीही जाते आणि काळीपिवळीही. कोणी आपापला रस्ता बांधत नाही.

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नाही. १७ जानेवारी २०२५ ला केंद्र सरकारने नेमकी हीच सोय सुरू केली. निधीतून उभारलेल्या २७ हजारांवर ४जी टॉवरांवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ यांपैकी कोणाचेही सिम चालावे, अशी ती योजना. तंत्र आहे, नियम आहे, पैसा आहे. मग ती निधीच्या टॉवरांपुरतीच का? शहापूर-मुरबाडसारख्या डोंगराळ तालुक्यांत, जिथे एकाच कंपनीची रेंज येते, तिथे प्रत्येक टॉवर खुला करा. ज्याचा टॉवर त्याला दुसऱ्या कंपनीने भाडे द्यावे. त्याने पैसा गुंतवला आहे, तो बुडू नये, हे आम्हाला मान्य आहे. टॉवरमागे ठरावीक तासांची बॅटरी सक्तीची करा, आणि बंद पडल्याचा हिशेब जिल्ह्यावर नव्हे, गावावर ठेवा.

मागणी करायची तर पुरावा हवा. "आमच्याकडे रेंज नाही" या तक्रारीला साहेब नकाशा दाखवतो आणि आपण गप्प होतो. म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने पाड्यागणिक एक कागद आणावा. त्यावर कंपनीचे नाव, पहाटे, दुपारी आणि रात्री अशा तीन वेळा लावलेल्या फोनची नोंद, दोन मिनिटांचे बोलणे पुरे झाले की तुटले, ओटीपी किती मिनिटांनी आला, वीज गेल्यावर टॉवर किती तास टिकला, एवढे असावे. घरात, शेतात आणि शाळेजवळ वेगवेगळे बघावे. कंपनीला १९८ वर तक्रार करावी आणि मिळालेला तक्रार क्रमांक त्याच कागदावर उतरवावा. क्रमांकाशिवायची तक्रार ही तक्रार नव्हे, गप्पा. लिहिण्याचे काम दहावी-बारावीच्या मुलामुलींना द्यावे, कोणता फोन कुठे चालतो हे त्यांनाच बिनचूक माहीत असते. कागद जमले की ग्रामसभेच्या ठरावासह जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि ट्रायकडे एकत्रच जातील.

ज्या पाड्यावर कोणत्याच कंपनीचा फोन लागत नाही, त्यांनी कागद कोरा आणू नये. सर्वांत जवळची रेंज कोणत्या झाडाखाली किंवा कोणत्या टेकडीवर मिळते, आणि तिथवर पावसात चालत जायला किती वेळ लागतो, ते लिहावे.