विश्लेषण : जनुक ‘गप्प’ करणाऱ्या पट्टीने मधुमेहींची जखम भरेल?

चप्पल लागून पायाला फोड येतो. एरवी आठवड्याभरात बरा होणारा हा फोड मधुमेह असलेल्यांच्या पायावर महिनोन्महिने चिघळू शकतो. प्रकरण बोट किंवा पाय कापण्यापर्यंतही जातं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे.

जखम का भरत नाही?
साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पायाची संवेदना आणि रक्तपुरवठा कमी होतो. त्यातच जखमेत ‘एमएमपी-९’ हे एन्झाइम प्रमाणाबाहेर वाढतं. खराब ऊती मोडून नव्यासाठी जागा करणं हे त्याचं काम. पण ते थांबतच नाही आणि नवी ऊतीही मोडत राहतं.

जनुक ‘गप्प’ कसं करतात?
कोविड लशींमुळे ‘एमआरएनए’ हा शब्द घरोघरी पोहोचला. प्रथिन बनवण्याचा निरोप नेणारा हा रेणू. ‘एसआय-आरएनए’ नावाचा छोटा तुकडा पेशीला हा निरोपच नष्ट करायला लावतो. मूळ जनुकाला धक्का लागत नाही. या यंत्रणेच्या शोधासाठी अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना २००६ चं नोबेल मिळालं. अशा पहिल्या औषधाला, ‘पॅटिसिरान’ला, अमेरिकेत २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. ते मात्र एका दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी आहे.

मग पट्टी कशाला?
हा तुकडा नुसता जखमेवर टाकला तर लगेच नष्ट होतो. म्हणून त्याला कोलॅजेन, कायटोसान अशा शरीराला चालणाऱ्या पदार्थांच्या जाळीदार सांगाड्यात किंवा पट्टीवरच्या थरांत ठेवतात. तिथून तो हळूहळू जखमेत उतरतो. ‘एमआयटी’तील पॉला हॅमंड यांच्या गटाने नायलॉनच्या पट्टीवर असे अतिपातळ थर चढवले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मधुमेही उंदरांच्या जखमा लवकर भरल्या.

रुग्णांपर्यंत कधी?
इथेच थांबून विचार करायला हवा. उंदराची सैल कातडी आकसून जखम बरीचशी मिटते. माणसात नवी ऊती भरून यावी लागते. शिवाय थोडं एमएमपी-९ गरजेचंही असतं, त्यामुळे ते किती आणि किती दिवस दाबायचं हा प्रश्न उरतो. बंद झालेली रक्तवाहिनी तर कुठलीच पट्टी उघडत नाही.

त्यामुळे ‘मधुमेही जखमेवर रामबाण उपाय’ असा मेसेज आला तर आधी विचारा, प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर? तोवर पाय वाचवणारे उपाय साधेच आहेत : साखर आटोक्यात ठेवणं, रोज तळवे तपासणं, अनवाणी न चालणं आणि छोटी जखम दिसली तरी लगेच डॉक्टर गाठणं.