गव्हाशी न पटणारं आतडं

चौथीतल्या एका मुलीची उंची दोन वर्षं वाढलीच नाही. पोट फुगलेलं, सतत जुलाब. घरच्यांनी नजर उतरवली, जंताचं औषध दिलं. शेवटी रक्त तपासलं तेव्हा कळलं, सिलिअ‍ॅक आहे.

लहान आतड्याच्या अस्तरावर मखमलीसारखे बारीक अंकुर असतात. अन्नाचा रस तेच शोषून घेतात. या आजारात गहू आणि जवातलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं, अंकुर झिजून सपाट होतात. मग कितीही खाऊ घाला, अंगी लागत नाही. मूळ गव्हात आहे, हे हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली प्रबंधात मांडलं.

उपाय एकच, गहू जन्मभर बंद. नान, हलीम, रवाही बंद. बाजारच्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं! तलबीना आपण सुन्नत म्हणून प्रेमाने पाजतो, पण जवाचा असल्याने तोही या मुलांना चालत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात. पीठ मात्र वेगळ्या परातीत मळावं. आणि तपासणीआधी गहू सोडू नका, नाहीतर आजार रक्तात दिसत नाही.

यंदा ईदला तिच्या अम्मीने तांदळाच्या शेवयांचा शीरखुर्मा केला. साऱ्या घरासाठी तोच.